मदरबोर्डला चिकटून बसलेली बॅकप्लेट कशी सोडवायची

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मी चांगला चालता मदरबोर्ड स्वतःच्या हाताने अर्धा मारला. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बदलायचा होता आणि जुन्या कूलरची बॅकप्लेट मागून निघेना. स्वयंपाकघराच्या खणातला चपटा स्क्रू ड्रायव्हर कडेखाली घातला आणि उचकटलं. प्लेट टक् करून निघाली, मला वाटलं जिंकलो. रात्री मशीन सुरूही झालं, फक्त सोळा जीबी रॅमऐवजी आठच दाखवायला लागलं. सोमवारी बोर्ड घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. दुरुस्तीवाल्या काकांनी भिंगाखाली धरून जेमतेम दहा सेकंद बघितलं आणि विचारलं, "ताई, स्क्रू ड्रायव्हर लावलात ना?"

सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खोबणीच्या मागे, रॅमच्या बाजूला, काळ्या लेपावर तांब्याचा लालसर ओरखडा होता. तांदळाच्या दाण्याएवढा. रॅमकडे जाणाऱ्या दोन रेषा तेवढ्यात कापल्या गेल्या होत्या.

त्यानंतर भाच्याचा, शेजाऱ्यांचा, ऑफिसातल्या दोघांचा असे पाच-सहा बोर्ड माझ्या हातून सुखरूप सुटले. पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी माझी पद्धत इथे लिहून ठेवते आहे. दुपार मोकळी ठेवा. लग्नाला निघायच्या आधीच्या अर्ध्या तासात हे काम काढू नका.

१. आधी बघा, काढायची गरज आहे का?

बॅकप्लेट म्हणजे बोर्डाच्या पाठीवरची धातूची किंवा प्लास्टिकची चौकट. कूलरचे चार स्क्रू समोरून येऊन तिच्यात बसतात, त्यामुळे वरचा जड ठोकळा बोर्ड न वाकवता टिकतो. बसवताना ती खाली पडू नये म्हणून काही कंपन्या तिला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावून देतात. प्रोसेसरच्या मागे ही पट्टी वर्षानुवर्षं रोज तापते, निवते आणि स्क्रूच्या ताणाने दाबलेली राहते. मग ती बोर्डाला जी धरते, ती सोडायचं नाव घेत नाही.

पण कित्येकदा ती काढायचीच नसते. एएमडीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम४ (हे सॉकेटचं नाव) बोर्डांवर कंपनीचीच बॅकप्लेट येते आणि बाजारातले बरेच कूलर तिचाच वापर करतात. समोरचे प्लास्टिकचे दोन कंस तेवढे काढावे लागतात. नव्या कूलरचं खोकं उघडून बघा. त्यात एएम४साठी वेगळी बॅकप्लेट नसेल, तर जुनी आहे तिथेच राहू द्या आणि हा लेख इथेच सोडा.

२०२२मध्ये आलेल्या एएम५ बोर्डांवर तर मागच्या प्लेटला हातच लावायचा नाही. ती सॉकेटच्या चौकटीलाच स्क्रूंनी जोडलेली असते आणि कूलरही तिच्यावरच बसतो.

इंटेलवाल्यांची चूक वेगळीच असते. तिथे बोर्डाच्या मागे एक छोटी धातूची प्लेट आधीपासून असते, पण ती कूलरची नसते. प्रोसेसर दाबून धरणाऱ्या सॉकेटच्या चौकटीची ती जोडीदार. एलजीए ११५१ किंवा १२०० या सॉकेटवर तिला तीन स्क्रू असतात, एलजीए १७००वर चार, आणि त्यांचं डोकं चांदणीच्या आकाराचं. हे स्क्रू सोडू नका. आपल्याला हवी ती कूलरची प्लेट याच्या बाहेरून, बोर्डाच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांतून आलेली असते. ही भोकं ११५१ आणि १२००वर ७५ मिलिमीटर अंतरावर, तर १७००वर ७८ मिलिमीटरवर. म्हणूनच जुन्या इंटेलची प्लेट नव्या बोर्डावर 'थोडी ओढून' बसवायचा प्रयत्न वाया जातो. एएम४ची भोकं चौकोनात नसून आयतात असतात, ५४ बाय ९० मिलिमीटर.

इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणारा छोटा पंखा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्याला बॅकप्लेट नसतेच. हे सांगायचं कारण, एका ओळखीच्या काकांनी ती शोधत अख्खं कॅबिनेट रिकामं केलं होतं.

२. हाताशी काय हवं

• चौफुलीच्या टोकाचा, चुंबक असलेला, नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर. समोरचे स्क्रू काढायला, एवढंच त्याचं काम.
• हेअर ड्रायर. घरचा साधा. हीट गन नको. ती काहीशे अंशांवर जाते आणि प्लास्टिकचे स्लॉट वाकवते.
• मेण नसलेला डेंटल फ्लॉस, किंवा गळाची बारीक तंगूस. माझी पसंती तंगुशीला. फ्लॉस मध्येच पिंजतो.
• एखादं बाद झालेलं एटीएम कार्ड, किंवा गिटारची पिक.
• आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. लॅमिंग्टन रोडवर 'आयपीए द्या' म्हटलं की देतात. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारीच जाऊन या.
• सुई नसलेली छोटी सिरिंज, कापूस, चष्मा पुसायचं मऊ फडकं.
• प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची नवी थर्मल पेस्ट. जुनी पुन्हा चालत नाही.
• मदरबोर्डाचं पुठ्ठ्याचं खोकं आणि सारख्या उंचीची दोन जाड पुस्तकं.

आयपीएऐवजी नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल किंवा गंजावर मारायचा स्प्रे वापरायचा नाही. पहिल्या दोघांनी प्लास्टिक आणि लेप विरघळू शकतो, उरलेल्या दोघांचा तेलकट थर मागे राहतो, आणि पेट्रोल तर घरात उघडायचंच नसतं. सॅनिटायझरचं जेलही नको, त्यात ग्लिसरीन असतं.

३. कूलर उतरवणं

विंडोजवर ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. पुढे आपण बोर्डाची बॅटरी काढणार आहोत, आणि सेटिंग मूळ पदावर गेल्यावर मशीन ती की मागू शकतं.

मग मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवा, एखादा गेम किंवा व्हिडिओ लावून. पेस्ट कोमट झाली की कूलर सुटायला सोपा. आता बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि कॅबिनेटचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो.

कूलरचे स्क्रू तिरके-तिरके, प्रत्येकी दोन-दोन फेऱ्या असे सोडवत न्या. सुटल्यावर कूलर सरळ वर ओढू नका. आधी डावीकडे-उजवीकडे थोडा फिरवा, मग उचला. एएम४मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने चिमटीत धरतं. कूलर झटक्यात ओढला तर प्रोसेसरही त्याला चिकटून बाहेर येतो. तसा आलाच, तर तो कूलरवरून सुरीने खरवडू नका. पेस्ट थोडी गरम करून तंगुशीने आडवा सोडवा.

४. बोर्ड बाहेर काढा

कॅबिनेटच्या मागे प्रोसेसरच्या जागी मोठी खिडकी असते, तिच्यातून प्लेट दिसते आणि वाटतं इथूनच होईल. नुसती बसवलेली प्लेट इथून निघते. चिकटलेली निघत नाही. कडा सगळ्या बाजूंनी दिसत नाहीत आणि बोर्डाला आधारही नसतो. बोर्ड बाहेरच घ्या.

वायरी काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. विशेषतः कॅबिनेटच्या बटणाच्या त्या बारीक पिनांचे, नाहीतर परत लावताना रात्र जाते. ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी काढून ठेवा. प्रोसेसर मात्र आत राहू द्या, लिव्हर बंद करून. इंटेलच्या सॉकेटमधल्या केसाएवढ्या पिनांना तोच झाकण म्हणून उपयोगी पडतो. त्यावरची जुनी पेस्ट पुसून घ्या.

बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. गादीवर नको, सिंथेटिक ब्लँकेटवर तर नकोच. मुंबईत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की स्थिर वीज फारशी साचत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या सकाळी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच ती. दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावत जा.

आता बोर्ड पालथा करून पाठ नीट बघा आणि तिचाही फोटो घ्या. प्लेटच्या मधल्या मोकळ्या जागेत मोहरीहून लहान चौकोनी दाणे दिसतील. ते कपॅसिटर. पुढचं सगळं काम त्यांना धक्का न लावता करायचंय. चिकटपट्टी बहुतेक करून चार कोपऱ्यांत किंवा दोन लांब बाजूंना असते. कडेने टॉर्च मारला की तिची करडी किंवा पांढरी कड दिसते. ती कुठे आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी एकदा पट्टी नसलेल्याच बाजूला वीस मिनिटं घासत बसले होते.

५. ऊब द्या, आणि थांबा

सगळं काम खरं इथे होतं.

चिक्की करताना गुळाचा पाक गरम असताना हळू ओढला तर तार धरतो. गार झाल्यावर ओढला तर तटकन तुटतो. ही पट्टी तशीच. तिला ऊब दिली आणि हळूहळू, एकसारखं ओढलं की ती लांबते आणि सोडते. झटका दिला की तीच दगडासारखी धरते, आणि मग सगळा जोर बोर्डावर जातो.

ड्रायर मध्यम आचेवर, प्लेटपासून चार बोटं दूर, सतत फिरता ठेवा. दोन-तीन मिनिटं. एकाच जागी रोखू नका. धातूची प्लेट उष्णता आपसूक पसरवते. प्लास्टिकच्या प्लेटला वेळ जास्त आणि आच कमी. माप एकच: बोट ठेवलं तर चटका बसल्यासारखं वाटावं, पण दोन सेकंद ठेवता यावं. त्याहून गरम नको.

६. तंगूस

हातभर तंगूस घ्या, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळा (बोटाला आधी कापडाची चिंधी, तंगूस कापते), आणि प्लेट व बोर्ड यांच्यामधल्या फटीत एका कोपऱ्यातून सरकवा. करवतीसारखी पुढे-मागे, बोर्डाला समांतर. खाली दाबू नका.

प्रत्येक कोपऱ्यात प्लेटचा एक खांब बोर्डाच्या भोकातून समोर गेलेला असतो. तंगूस त्याला अडणार. अडली की बाहेर काढून खांबाच्या दुसऱ्या बाजूने घाला, जोर करून पुढे रेटू नका. म्हणजे काम कोपऱ्या-कोपऱ्याने, बाहेरून आत, आणि मधल्या त्या मोहरीच्या दाण्यांच्या अलीकडे थांबायचं. तंगूस त्यांत अडकली तर दाणा उपटून येतो.

पट्टी निवली की करवत जड जायला लागते, हे हाताला लगेच कळतं. पुन्हा एक मिनिट ड्रायर, पुन्हा तंगूस. माझ्या भाच्याच्या बोर्डाला अशा सहा फेऱ्या लागल्या. चौथ्या फेरीला तो म्हणाला, "मावशी, मी ओढू का?" त्याला चहा टाकायला पाठवलं.

७. कोपरे सुटायला लागल्यावर

एक कोपरा मिलिमीटरभर उठला की त्यात एटीएम कार्डाचा कोपरा पाचरीसारखा ठेवा, म्हणजे पट्टी परत चिकटत नाही. कार्डाने उचकटायचं नाही. आता समोरचा तिरका कोपरा घ्या. एकच बाजू भरभर वर उचलली तर खांब भोकांत तिरके अडकतात आणि भोकांच्या कडा कुरतडल्या जातात. प्लेट चारी बाजूंनी सारखी, थोडी-थोडी वर यायला हवी.

एवढ्यावरही अडली तर समोरून ढकलायची युक्ती आहे. बोर्ड सुलटा करून दोन पुस्तकांवर असा ठेवा की पुस्तकं प्लेटच्या अगदी दोन्ही कडांशी येतील, पण प्लेटखाली मोकळी जागा राहील. जुन्या कूलरचे लांब स्क्रू समोरून खांबांमध्ये तीन-चार फेऱ्या बसवा, डोकी वर राहू द्या. प्लेट कोमट असताना दोन तिरक्या स्क्रूंच्या डोक्यांवर अंगठ्यांनी हलका दाब द्या आणि वीस-तीस सेकंद तसाच धरा. मग दुसरी जोडी. डोअरबेल दाबतो तेवढाच जोर. बोर्ड वाकताना दिसला किंवा कर्र आवाज आला की लगेच हात काढा. पुस्तकं लांब ठेवून दाबलं तर बोर्डच मधून वाकतो, आणि सॉकेटखालचे डाग (सोल्डरचे जोड) तडकले तर ते कुणाला दिसतही नाहीत, नुसतं मशीन सुरू होत नाही.

८. तरीही हलली नाही, तर आयपीए

ड्रायर बंद करून प्लगमधून काढून बाजूला ठेवा आणि बोर्ड पूर्ण गार होऊ द्या. आयपीए पेट घेतं. ते लावलेल्या बोर्डावर ड्रायर फिरवायचा नाही. गॅस बंद, देवासमोरचा दिवा लांब, खिडकी उघडी.

बोर्ड उभा धरा. सिरिंजने पट्टीच्या वरच्या कडेला तीन-चार थेंब सोडा, ते फटीतून खाली झिरपतात. पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा तीन-चार थेंब, मग तंगूस. ओतू नका. खांबांच्या भोकांतून ते समोर सॉकेटकडे जाऊ शकतं. बाटलीचं झाकण मधल्या वेळातही लावून ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत आयपीए पाणी ओढून घेतं आणि मग वाळायला वेळ लावतं.

मी आजवर या पायरीपर्यंत दोनदाच आले आहे. दोन्ही वेळा अर्ध्या तासात प्लेट हातात आली.

तेवढ्यानेही नाही सुटली, तर बोर्ड खोक्यात घालून दुरुस्तीवाल्याकडे न्या, आणि आधी काय काय केलंत ते खरं सांगा.

९. पुसणं आणि तपासणं

बोर्डावर उरलेला चिकट थर बोटाने गोळ्या करत काढा, जसा लेबल काढलेल्या बरणीचा काढतो. उरलेला आयपीए लावलेल्या कापसाने. ब्लेड नाही, नखही जपून.

मग टॉर्च आडवा धरून पाठ बघा आणि आधी काढलेला फोटो शेजारी ठेवा. एखादा दाणा कमी आहे का? तांब्याची चमक कुठे दिसते का? दिसली तर सुरू करून बघण्याचा मोह टाळा, आधी दाखवून आणा. लेप खरवडलाय पण रेष तुटलेली नाही, अशी जखम जाणकाराच्या हातून झाकता येते.

जुनी प्लेटच परत लावायची असेल तर तिची आतली बाजू तपासा. धातूच्या प्लेटवर काळ्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो धातू आणि बोर्डाच्या डागांमधलं अंतर राखतो. ओढाताणीत तो फाटला असेल तर उघडी प्लेट बसवू नका, शॉर्ट होईल. पिवळसर पारदर्शक कॅप्टॉन टेप मिळते, ती नीट कापून लावा किंवा दुसरी प्लेट आणा. साधी सेलोटेप उष्णतेने गोळा होते.

१०. परत जोडणी

बोर्ड तासभर पंख्याखाली ठेवा. जुलैत मी रात्रभर ठेवते. नव्या प्लेटसोबत चिकटपट्टी आली असेल तर तिच्यावरचा कागद मी सोलत नाही. पट्टी जागेवरच राहू देते, कारण अंतर राखायचं काम तीही करते, पण घरातल्या कुणालातरी मागून प्लेट धरायला बसवते. पुढच्या वेळी हा सगळा उद्योग नको.

प्रोसेसरवर नवी पेस्ट लावून कूलर ठेवा. स्क्रू पुन्हा तिरके-तिरके, आधी चारही बोटाने, मग स्क्रू ड्रायव्हरने दोन-दोन फेऱ्या. स्क्रू स्वतःहून थांबला की थांबा. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवर.

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी पुठ्ठ्याच्या खोक्यावरच एक रॅम लावून सुरू करून बघा. बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवून मात्र नाही, काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीज वाहून नेतो. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावावं लागेल. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) शिरून तपमान बघा, मग दुसरी रॅम लावून दोन्ही दिसतात ना ते बघा. माझं तिथेच अडलं होतं. बॅटरी काढल्यामुळे तारीख आणि रॅमचा वेग परत मूळ पदावर गेलेला असेल, तो लावून घ्या.

काढलेली जुनी प्लेट तिच्या चार स्क्रूंसह आणि एएम४ असेल तर प्लास्टिकच्या कंसांसह एका पिशवीत घाला, वर बोर्डाचं नाव लिहा आणि बोर्डाच्या खोक्यात टाका. पुढे बोर्ड विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच मागतं.